सांगली-मिरजेतलं मुलांचं लसीकरण: सुई उत्तम, कागद कच्चा

मूल अमेरिकेच्या शाळेत जाणार असेल तर लस कुठे घ्यावी, सरकारी सत्रात की बालरोगतज्ज्ञांच्या खासगी दवाखान्यात? दोन्हीकडची सेवा पाहून हे मत.

आधी सरकारी. सांगली-मिरजेचं सिव्हिल, महापालिकेची आरोग्य केंद्रं, गावातलं उपकेंद्र, सगळीकडे लस मोफत. साठवण 2 ते 8 अंशांत. कुपीवरच्या गोलात एक चौकोन असतो. तो भोवतालच्या रंगापेक्षा फिका असेल तर लस चांगली, रंग सारखा झाला की कुपी बाद. सिस्टरना दाखवायला सांगा, हक्काने. गोवर-रुबेलाची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते. ती एका मुलासाठी फोडत नाहीत, म्हणून सत्राच्या ठरल्या दिवशीच जा.

पण अमेरिकेच्या हिशेबात या वेळापत्रकाला भोकं आहेत. पोलिओचे थेंब (2016 नंतरचे) तिथे धरत नाहीत, आणि सहाव्या-चौदाव्या आठवड्याला कातडीत दिला जाणारा पोलिओच्या सुईचा 0.1 मिलीचा अंशात्मक डोसही नाही. म्हणजे कार्ड भरलेलं असूनही पोलिओच्या रकान्यात शून्य! कावीळ-बीचा शेवटचा डोस 24 आठवड्यांच्या आत झालेला चालत नाही, आपला चौदाव्या आठवड्यालाच संपतो. नवव्या महिन्यातला गोवराचा डोस पहिल्या वाढदिवसाआधीचा म्हणून बाद. गालगुंड आणि कांजण्या तर सरकारी यादीतच नाहीत.

लस वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती इथल्या रोगांसाठी बेतलेली आहे. इथेच राहणाऱ्या बाळासाठी आम्ही डोळे झाकून सरकारी सत्रच सांगू.

खासगीत सहा रोगांची एकत्र लस मिळते. तिच्यात पोलिओचा पूर्ण डोस असतो, आणि दीड वर्षाचा बूस्टर त्याच लसीचा घेतला की कावीळ-बीचा प्रश्नही सुटतो. खर्च मात्र हजारांत. वर्षानंतर एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजण्यांची लस एकाच दिवशी, दोन वेगळ्या जागी टोचून घ्या. एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात असं केलंत तर दुसरी धरली जात नाही, मधे 28 दिवस लागतात. सुट्टीवर आलेल्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं.

आता कागद. खासगी फाइलमध्ये कुपीचं स्टिकर चिकटवतात, त्यावर फक्त ब्रँडचं नाव. ते तिकडच्या नर्सला काय कळणार? शेजारी लसीतले घटक, बॅच नंबर, डॉक्टरांची सही-शिक्का हवाच. तारीख 05/08 अशी नको. तिकडे ती 8 मे वाचली जाते, आणि एखादा डोस जन्माआधीचा ठरतो. महिना इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या. सरकारी कार्डावर बहुधा ‘बेबी ऑफ’ पुढे आईचं नाव असतं. पासपोर्टवरचं नाव घालून घेणं निघण्याच्या आठवड्यात होत नाही, आधीच करा. यू-विनचं (सरकारच्या लसीकरण नोंदणी पोर्टलचं) क्यूआर असलेलं प्रमाणपत्र छान आहे, पण ओटीपी मोबाइलवर येतो. नोंदणी चालू राहील अशा नंबरवर करा, आजोबांचा उत्तम.

गुण द्यायचे तर टोचणीला दोन्हीकडे पाचपैकी साडेचार, कागदाला जेमतेम अडीच.

जाता जाता: तिकडे वाढलेली मुलं गणपतीला गावी येणार असतील तर टायफॉइड विसरू नका. अमेरिकेत मिळणारी सुई दोन वर्षांवरच्यांनाच देतात, इथली कॉन्जुगेट लस सहाव्या महिन्यापासून चालते. असर यायला दोनेक आठवडे लागतात, तोवर पाणी उकळूनच द्या. शाळेची नेमकी यादी मात्र राज्यागणिक वेगळी असते, ती शाळेकडूनच मागवा आणि इथल्या डॉक्टरांसमोर ठेवा.