खिडकीच्या ग्रिलमध्ये थंडीत काय: शेवंती की मेथी?

जाऊबाईंच्या ग्रिलमध्ये जागा एकाच ट्रेची. शेवंती ठेवू की मेथी पेरू?

ऊन दोघींनाही हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेची खिडकी उत्तम.

खर्चात मेथी स्वस्त: डब्यातले मूठभर दाणे रात्रभर भिजवून पेरायचे, तीन-चार दिवसांत कोंब. समुद्रमेथीसारखी (वाळूत वाढवलेली बारीक मेथी) इवली जुडी हवी तर वाळू मिसळा, पंधरवड्यात उपटा. पण उपटली की संपली, पुन्हा पेरणी.

शेवंती कळ्यांसकट आणली तर काही आठवडे फुलते. मात्र तिला लांब, काळोखी रात्र लागते; समोर रस्त्याचा दिवा असेल तर नव्या कळ्या रुसतात. शिवाय मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे! कोवळ्या शेंड्यांवर काळे ठिपके दिसले की निंबोळी तेल फवारायचं.

दिव्याचा उजेड येत असेल तर मेथीच. देवाला फूल हवं आणि रात्री अंधार असेल, तर शेवंती.