बॅटरी नवी, तरी गाडी बंद: साताऱ्यातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडील अनुभव

पुण्याहून परतताना खंबाटकी घाट ओलांडल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पोवई नाक्यापर्यंत येईतो हेडलाइट मंदावून गाडी बंद पडली. दोनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजने कसलीही तपासणी न करता नवी बॅटरी गळ्यात मारली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

नाक्याजवळच्या या लहानशा दुकानातील कारागिरांनी मात्र प्रथम मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) लावला. जंपर केबलने, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून, इंजिन सुरू केल्यावर जेथे साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत, तेथे आकडा ११.९ वरून खालीच घसरत होता. म्हणजे इंजिनच्या फिरण्यातून वीज तयार करणारा अल्टरनेटर चार्जिंग करत नसून गाडी केवळ बॅटरीतील साठ्यावर धावत होती. बेल्टचा ताण आणि अर्थिंगची जोडणी पाहून मगच त्यांनी अल्टरनेटर उघडला, तेव्हा त्याच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश पार झिजलेले आढळले. संपूर्ण अल्टरनेटर माथी न मारता त्यांनी ब्रश व रेग्युलेटर (व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग) बदलले, जुने भाग हातात दिले आणि हेडलाइट व एसी चालू ठेवून १४.१ व्होल्ट दाखवले.

बसण्यास जागा नाही आणि तीन तास उभे राहावे लागले, ही तक्रार आहेच. पण पुढच्या वेळीही मी येथेच येईन.