मालिका लाँच करणारी एजन्सी: कागदपत्रांना पूर्ण गुण, ‘हरवली आहे’ला शून्य

मराठी मालिका करणाऱ्या एका निर्मिती संस्थेत प्रसिद्धी आणि चॅनलशी समन्वय हे माझं काम. नव्या मालिकेच्या लाँचसाठी आम्ही अंधेरीतल्या एका एजन्सीला काम दिलं होतं. होर्डिंग, बसवरच्या जाहिराती, रील्स, फॅन पेजेस, महिला मंडळांतले कार्यक्रम, सगळं त्यांच्याकडे. करारात गोपनीयतेचं कलम आहे, त्यामुळे एजन्सीचं, चॅनलचं आणि मालिकेचं नाव लिहीत नाही. पण अशी सेवा घेताना काय विचारायचं आणि काय लिहून घ्यायचं हे छोट्या निर्मात्यांना कुणी सांगत नाही, म्हणून अनुभव सविस्तर लिहिते आहे.

या एजन्सीची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तिथल्या वकीलबाई. पूर्ण वेळ नोकरीला आहेत आणि त्यांच्या सहीशिवाय एकही डिझाइन बाहेर जात नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी ‘लीगलला दाखवून घेऊ’ म्हणतात आणि होर्डिंग चढल्यावर वकिलाला फोन करतात. इथे पहिल्याच बैठकीत बाईंनी आमचं मुख्य पोस्टर परत केलं. सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाच्या बोटांत विडी होती, पेटवलेलीसुद्धा नव्हती. दिग्दर्शकाचा त्या विडीवर भारी जीव. माणूस कसा आहे ते एका नजरेत कळतं, असं त्याचं म्हणणं. बाईंनी नियमच समोर ठेवला. एपिसोडमध्ये तंबाखूचं दृश्य घ्यायचं तर त्याला अटी आणि इशारे आहेत, पण पोस्टर आणि प्रसिद्धीच्या साहित्यात तंबाखूचा पदार्थ किंवा त्याचा वापर दाखवायला सरसकट मनाई आहे. विडी गेली आणि त्या हातात किल्ल्यांचा जुडगा आला. घरातल्या सगळ्या कपाटांवर ज्याचा ताबा आहे असा सासरा! पोस्टर आधीपेक्षा सरस झालं, हे दिग्दर्शकानेही मान्य केलं.

होर्डिंगच्या बाबतीतही मी त्यांना पैकीच्या पैकी देईन. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची आणि तो सांगाडा १२० बाय १२० फुटांचा. त्यानंतरही स्वस्तातली जागा मिळते म्हणून कागद न बघता होर्डिंग घेणारे लोक मी पाहते आहे. या एजन्सीने प्रत्येक जागेचा परवाना क्रमांक आणि सांगाड्याच्या मजबुतीचं प्रमाणपत्र मागितलं. घोडबंदर रोडवरची एक मोक्याची जागा आम्हाला हवी होती. मालक प्रमाणपत्र ‘पाठवतो, पाठवतो’ करत राहिला, तेव्हा यांनी ती जागा सोडून दिली. आपल्या नायिकेच्या चेहऱ्याखाली कुणी चिरडून मरू नये, यासाठी एक जागा गेली तर बिघडलं कुठे?

आता बालकलाकारांचं. आमच्या मालिकेत नायिकेची धाकटी बहीण करणारी मुलगी नऊ वर्षांची आहे. प्रोमो आल्यापासून तीच सगळ्यांची लाडकी, त्यामुळे गणपतीत तिला रात्री मंडळांमध्ये फिरवावं असा चॅनलचा आग्रह. तिची आई माझ्याशी हळू आवाजात बोलली, “ताई, दिवसभर शूटिंग करून ती गाडीतच झोपते हो. पण नाही म्हटलं तर मालिकेतलं तिचं काम कमी करतील का?” ही भीती सेटवरच्या प्रत्येक पालकाच्या मनात असते आणि तिचा फायदा सगळे उठवतात.

बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत आकडे स्पष्ट आहेत. मुलाकडून दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत गेला पाहिजे. हे नियम चित्रीकरणापुरते नाहीत, मुलं भाग घेतात त्या व्यावसायिक कार्यक्रमांनाही लागू आहेत. ‘प्रमोशन म्हणजे काम थोडंच, तिला मजा येते’ हा युक्तिवाद मी चॅनलच्या माणसांकडून नेहमी ऐकते. एजन्सीने सेटवरचे आणि प्रसिद्धीचे तास एकत्र मोजायचा तक्ता केला आणि चॅनलला मेल केला. मंडळांच्या फेऱ्या रद्द झाल्या. सुटीच्या दिवशी सकाळी एका शाळेतल्या कार्यक्रमाला मुलगी गेली, तीही आईबरोबर. आईला कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. या एका तक्त्यासाठी मी या एजन्सीची शिफारस करेन.

हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमांत ‘मालिका पाहा, पैठणी जिंका’ ठेवलं होतं. एजन्सीतल्या कार्यक्रमवाल्या मुलांनी छापून आणलेल्या कुपनावर नाव, मोबाइल, जन्मतारीख, नवऱ्याचा व्यवसाय आणि घरातल्या टीव्हीचा आकार असे रकाने होते. पैठणीच्या सोडतीला नवऱ्याचा व्यवसाय कशाला हवा? बाईंनी नाव आणि मोबाइल सोडून सगळं काढायला लावलं. नंबर फक्त विजेत्याला कळवण्यासाठी वापरू आणि मग नष्ट करू, अशी ओळ ठळक मराठीत टाकली. नुसती चिठ्ठी उचलून बक्षीस देणं लॉटरीच्या कायद्यात अडकू शकतं, म्हणून मालिकेवरचा प्रश्न ठेवला आणि एक पैसाही घेतला नाही. निकालही जाहीर केला. बक्षीस योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाहिन्यांच्या कितीतरी स्पर्धांत बायका प्रश्नांची उत्तरं पाठवतात आणि पैठणी कुठे गेली ते कधीच कळत नाही.

गाण्यांबाबत थोडक्यात सांगते. इन्स्टाग्रामवर गाणं दिसतं म्हणून मालिकेच्या रीलला ते वापरता येत नाही, व्यावसायिक वापराला वेगळा परवाना लागतो. इथे सगळी रील्स आमच्याच शीर्षकगीतावर झाली, त्यामुळे प्रश्न आला नाही.

फॅन पेजेसच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. मोठ्या इन्फ्लुएन्सरच्या रील्सवर ‘सशुल्क जाहिरात’ असं सुरुवातीलाच मराठीत येत होतं, आणि तसंच हवं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात म्हटलंय की, शिफारस ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा हवा आणि तो हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचा नाही. पण छोट्या पेजेसना पैसे न देता भेटवस्तूंचे डबे पाठवले होते, आणि ‘पैसे कुठे दिलेत?’ म्हणून त्यांच्या पोस्टवर काहीच लिहिलेलं नव्हतं. भेटवस्तू, फुकट प्रवास, सेटवरची सफर हे सगळं त्या खुलाशात येतं. ‘मी सहज बघितली आणि रडलेच’ असं लिहिणाऱ्या मुलीला कांजीवरम साडी गेली असेल, तर वाचणाऱ्या बाईला ते कळायलाच हवं. मी मेलवर मेल टाकले तेव्हा कुठे त्या पोस्ट दुरुस्त झाल्या.

आणि आता ‘हरवली आहे’. मालिकेत नायिका लग्नाच्या दिवशी घर सोडते. एजन्सीच्या क्रिएटिव्ह टीमने त्यावर मोहीम आखली. नायिकेचा साधा, मेकअप नसलेला फोटो, वर ‘हरवली आहे’, खाली वर्णन आणि एक मोबाइल नंबर. हे व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी गुपित फोडायचं. सादरीकरणात त्यांनी जून २०२३ चं उदाहरण दिलं. काजोलने आयुष्यातल्या कठीण परीक्षेला सामोरी जातेय असं लिहून सोशल मीडियावरून विश्रांती जाहीर केली आणि लगेच कळलं की ती तिच्या वेब मालिकेची प्रसिद्धी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडेच्या मृत्यूची खोटी बातमी पसरवून, दुसऱ्या दिवशी ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी होती असं सांगितलं गेलं, तेही त्यांच्या स्लाइडवर होतं. ‘चर्चा किती झाली बघा,’ म्हणाले. कर्करोगाने घरातलं माणूस गेलेल्यांनी तेव्हा किती संतापून लिहिलं होतं, ते त्या स्लाइडवर नव्हतं.

मी मेलवर लेखी विरोध केला. वकीलबाईंनी मात्र मंजुरी दिली. पोलिसांचं नाव वापरलेलं नाही, भिंतींवर काही चिकटवायचं नाही, फोटो आमच्याच अभिनेत्रीचा आणि तिची लेखी संमती आहे. त्यांच्या तक्त्यात सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण होती. चॅनलला कल्पना आवडली आणि मजकूर बाहेर पडला. अभिनेत्री नवी, चेहरा कुणाला माहीत नाही, त्यामुळे लोकांना तो खराच वाटला.

नंबरवर एजन्सीतला एक शिकाऊ मुलगा बसला होता. कॉल रेकॉर्ड होत होते, त्यातला एक मी ऐकला. सांगलीहून कुणी वयस्कर बाई बोलत होत्या, मागे एसटीची घोषणा ऐकू येत होती. “अवं, तुमची पोर हितं सांगलीच्या स्टँडावर हाय बघा. मी तिला च्या पाजलाय, बशिवलंय, हलू देत न्हाई. रडतीय ओ ती. लवकर या.” आणि मागून एक मुलगी खरंच रडत म्हणत होती, “मावशी, मी ती नाही हो, माझी गाडी चुकेल.” शिकाऊ मुलाचा आवाज फुटेना. त्याने कसंबसं सांगितलं की ही मालिकेची जाहिरात आहे. पलीकडे बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे कुणाची पोर हरवलीच न्हाई?” आणि फोन ठेवला.

त्या बाईंनी आपली गाडी सोडून एका परक्या मुलीसाठी चहाचे पैसे दिले होते. त्या मुलीला चारचौघांत अडवून ठेवलं गेलं, आणि तिचा मालिकेशी काडीचा संबंध नव्हता. शिवाय उद्या खरंच कुणाची मुलगी हरवली आणि तिचा फोटो या बाईंच्या फोनवर आला, तर त्या पुन्हा थांबतील का? खऱ्या हरवलेल्या मुलींच्या घरच्यांकडे अशा अनोळखी माणसांच्या चांगुलपणाशिवाय फार थोडं असतं, आणि आम्ही मालिकेच्या लाँचसाठी तोच वापरला. याचा मला आजही राग येतो.

हेही सांगितलं पाहिजे की, रेकॉर्डिंग ऐकल्यावर वकीलबाई कुणाची परवानगी घेत बसल्या नाहीत. गुपित फोडायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती. त्यांनी त्याच संध्याकाळी ‘ही जाहिरात होती, कृपया पुढे पाठवू नका’ असा खुलासा काढला आणि चॅनलच्या मार्केटिंगवाल्यांशी भांडून तो चॅनलच्या पेजवरही लावून घेतला. पण व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलेलं परत येत नाही. मालिका सुरू झाल्यावरही तो फोटो ‘कृपया शेअर करा’ म्हणून माझ्या स्वतःच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला.

बिलं स्वच्छ, वेळा पाळतात, फोन उचलतात. दर बाजारापेक्षा थोडे जास्त आहेत, पण वकीलबाईंचा पगार त्यात आहे असं धरलं तर महाग नाही. पाचपैकी साडेतीन तारे.

पुढच्या मालिकेलाही मी याच एजन्सीचं नाव सुचवलं आहे, फक्त करारात दोन कलमं वाढवून. खरी सूचना, बातमी, निधन किंवा पोलिसी आवाहन वाटेल असा कोणताही मजकूर पहिल्या क्षणापासून ‘मालिकेची जाहिरात’ या शब्दांशिवाय बाहेर जाणार नाही, आणि निर्मिती संस्थेने लेखी हरकत घेतली तर चॅनलची मंजुरी असली तरी तो मजकूर थांबेल. दुसऱ्या कलमावर एजन्सीच्या मालकांनी बरीच घासाघीस केली. वकीलबाईंनी माझी बाजू घेतली आणि दोन्ही कलमं मसुद्यात गेली. तुम्ही कुठल्याही एजन्सीबरोबर करार करत असाल तर ही दोन कलमं आगाऊ रक्कम देण्याआधीच घालून घ्या. लाँचची तारीख ठरल्यावर तुमचं कुणी ऐकत नाही.