मॅन कमांड: उत्तर असतं, फक्त पान बरोबर उघडायला हवं

लिनक्सवर कमांडची माहितीपानं दाखवणाऱ्या मॅनला पाचपैकी चार तारे. 'मॅन क्रॉनटॅब' टाकलं की क्रॉनटॅब (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवायची सोय) या कमांडचं पान उघडतं. वेळेचे पाच रकाने कसे भरायचे ते मात्र 'मॅन ५ क्रॉनटॅब'मध्ये. हा आकडा पानांच्या विभागाचा: विभाग १ कमांडचा, ५ फाइलींच्या मांडणीचा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. नाव आठवत नसेल तर 'मॅन -के' आणि शोधशब्द. के इंग्रजी छोटाच (k) हवा. मोठा (K) टाकलात तर तो सगळ्या पानांचा मजकूर चाळत बसतो. काहीच सापडत नसेल तर बऱ्याचदा पानांची सूचीच तयार नसते, ती बनवायला 'सुडो मॅनडीबी' चालवा. बॅश (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) मधल्या 'सीडी'सारख्या अंगभूत कमांडसाठी 'हेल्प सीडी'. एक तारा कापला तो उदाहरणांसाठी: कितीतरी पानांत ती नसतातच. तेवढ्यासाठी टीएलडीआर (कमांडची छोटी उदाहरणं दाखवणारं साधन) सोबत ठेवा.