गच्चीतला बांबू: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

पश्चिमेचं ऊन अडवायला आणि समोरच्या इमारतीपासून आडोसा मिळावा म्हणून गच्चीत बांबू लावावा का, या प्रश्नाला माझं उत्तर आता पक्कं झालंय. जरूर लावा, पण एप्रिल-मे महिन्यांत रोज पाणी घालायची तयारी असेल तरच. बाकी बऱ्याच गोष्टी हे झाड निभावून नेतं. पाण्याच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही.

आमची गच्ची पुण्यात, चौथ्या मजल्यावर, दुपारनंतर कडक उन्हाची. कठड्यालगत पाच मोठ्या कुंड्या आहेत. तिनांत नर्सरीवाले ज्याला हेज बांबू म्हणतात तो बारीक काठीचा, दाट पानांचा प्रकार, म्हणजे बांबुसा मल्टिप्लेक्स. एकीत हिरव्या रेघांचा पिवळा बांबू आणि एकीत बुद्ध बेली. आडोशासाठी तिघांत हेज बांबूच उजवा, यात मला शंका नाही. तो बुंध्यापासून पानं धरतो, त्यामुळे खालचा भाग उघडा पडत नाही. पिवळ्या बांबूच्या काठ्या देखण्या असतात, पण कुंडीत त्या मोजक्याच येतात आणि खालून बोडक्या राहतात. तो शोभेसाठी घ्यावा, पडद्यासाठी नाही. बुद्ध बेलीच्या पेरांना फुगीर पोट येतं ते कुंडीतल्या कमी जागेमुळे आणि बेताच्या पाण्यामुळे. जमिनीत लावून भरपूर पाणी दिलं तर तीच जात सरळ आणि उंच वाढते. त्यामुळे हे एकच झाड असं, की ज्याला मी मुद्दाम हात राखून पाणी देते.

रोप निवडताना उंचीकडे पाहू नका, बुंध्याकडे पाहा. मातीखाली कंद असायला हवा आणि त्याला निदान दोन-तीन काठ्या हव्यात. ऑनलाइन मागवलेलं एक रोप मला नुसती मुळं फुटलेली एकटी काठी म्हणून आलं. पानं हिरवीगार होती, पण कंदच नव्हता, मग नवा कोंब येणार कुठून? ते पहिल्या उन्हाळ्यातच गेलं. विक्रेत्याला आणखी एक गोष्ट जरूर विचारा: हा बेट करून, म्हणजे एका जागी दाट झुपक्यात, वाढणारा आहे की जमिनीखालून पसरणारा? आपल्याकडचे बहुतेक बांबू बेट करतात. पसरणाऱ्या परदेशी जाती कंपाउंडमध्ये लावल्या तर शेजारच्या बागेतही कोंब काढतात.

मातीच्या बाबतीत फार सोपस्कार लागत नाहीत. लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट, तळाला पाणी निघायला मोठी भोकं. निव्वळ काळी माती नको, पावसाळ्यात तिचा चिखल होऊन कंद कुजतात. बांबू हे गवताचंच कूळ, त्याला नत्र भरपूर लागतं. म्हणून मी पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा पाऊस सरताना शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालते. गळलेली पानं झाडून टाकत नाही, बुंध्याशीच राहू देते. त्यांनी माती झाकली जाते आणि ओल टिकते. कुंडी घेण्याआधी वजनाचा विचार मात्र करा. 100 लिटरच्या कुंडीतली ओली माती सहज सव्वाशे-दीडशे किलो भरते. आमच्या कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतीच्या रेषेवर, विटांवर ठेवल्यात, म्हणजे खालून पाणीही मोकळं वाहून जातं.

आता पाणी. या झाडाची तहान पानांवर दिसते. ओल कमी पडली की पानं लांबीच्या बाजूने मिटायला लागतात आणि बघता बघता त्यांच्या सुरळ्या होतात. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास हे दिसलं की संध्याकाळी भरपूर पाणी घालायचं. थोड्या वेळात पानं पुन्हा सपाट उघडतात. हा इशारा एक-दोनदा चालतो, पण रोज दुर्लक्ष झालं तर कडा करपतात. उलट, माती ओली असूनही पानं पिवळी पडून लोंबत असतील तर पाणी जास्त झालंय असं समजावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बरीच पानं पिवळी होऊन गळतात, तेव्हा घाबरू नका. जुनी पानं जाऊन नवी येत असतात, नवी पालवी मागोमाग दिसते. उन्हाळ्यात पानांच्या मागे कोळी ही रस शोषणारी बारीक कीड लागते. पाइपने पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारलं की ती आटोक्यात राहते. मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावर, निंबोळी तेलाची फवारणी पुरली.

माझा सगळा जीव अडकलाय तो कोंबांत. पाऊस लागला की मातीला आधी बारीक भेग जाते आणि मग तपकिरी-हिरव्या आवरणात गुंडाळलेलं टोक वर येतं. सकाळी लवकर गेलं तर त्या टोकावर पाण्याचे थेंब दिसतात, पाऊस पडलेला नसतानाही. ते पाणी कोंबानेच बाहेर टाकलेलं असतं. कोंब जेवढा जाड उगवतो तेवढीच जाडी काठीला आयुष्यभर राहते, ती पुढे वाढत नाही. उंचीही पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पूर्ण होते, आणि फांद्या-पानं साधारण त्यानंतर फुटतात. म्हणून झाडाला मिळालेलं खतपाणी पुढच्या वर्षीच्या कोंबांत दिसतं. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यातले कोंब पहिल्यापेक्षा स्पष्ट जाड आले. कोंबाचं टोक मोडलं की उंची तिथेच संपली, त्यामुळे त्या दिवसांत गच्चीत मुलांचं क्रिकेट बंद असतं. पिवळ्या बांबूच्या कोंबावर बारीक काळसर कूस असते, ती बोटांत रुतून खाजते. हातमोजे घाला.

कुडाळजवळ माझ्या मामाच्या बांधावर माणगा या कोकणी बांबूची बेटं आहेत. माणग्याला काटे नसतात आणि काठी जवळजवळ भरीव, म्हणून कोकणात त्याला मान. मामा दरवर्षी पावसाआधी सांगतो, "बुडाक माती घाल, कोंब जाड येतत." कंद हळूहळू वर उघडे पडतात, त्यांना मातीची भर हवीच. कुंडीतही हे तंतोतंत लागू पडलं. काढायच्या तर तीन वर्षांपुढच्या जुन्या काठ्या काढायच्या, त्याही पावसाळा संपल्यावर, हेही त्याचंच शिक्षण. काप गाठीच्या लगेच वर घ्यावा. पेराच्या मध्ये कापलं तर पोकळीत पाणी साचून काठी कुजते आणि डास होतात.

डासांवरून आठवलं. हॉलमधला लकी बांबू हा मुळात बांबूच नाही, तो ड्रॅसिना, मूळचा आफ्रिकेतला. बांबूचे नियम त्याला लावू नका. थेट ऊन नको, खत नावापुरतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीन-फ्लोराइडमुळे पानांची टोकं तपकिरी होतात, आम्ही पावसाचं साठवलेलं पाणी वापरल्यापासून ती थांबली. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर आठवड्याला पाणी पूर्ण बदलून काचेचं भांडं आतून घासायचं. डेंग्यू पसरवणारे एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यालगत भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. 2001 साली चीनहून आलेल्या लकी बांबूच्या मालाबरोबर हे डास कॅलिफोर्नियात पोचल्याची नोंद आहे. घरात मांजर असेल तर हे झाड तिच्या तोंडापासून लांब ठेवा, पानं तिला विषारी आहेत.

हेज बांबूच्या एका कुंडीच्या भोकांतून आता मुळं बाहेर आली आहेत. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, ते बेट करवतीने फोडून दोन भाग करायचे ठरलंय. प्रत्येक भागात कंद आणि तीन-चार काठ्या राहतील एवढं बघायचं. एक भाग परत कुंडीत जाईल. दुसरा सोसायटीच्या आवारात, भिंत आणि ड्रेनेजपासून दीड-दोन मीटर लांब लावायला सेक्रेटरींनी होकार दिलाय.