भाड्याची गाडी, शंभर पौंडांचा पार्किंग ‘दंड’ आणि वर बेचाळीस पौंडांची हमाली

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि भारतातून आईवडील आले की सात सीटर भाड्याने घेऊन भटकणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. फिरायला येऊन परत जाणाऱ्यांनी तर वाचाच, कारण तुम्ही घरी पोचल्यावर कार्डावरून पैसे कापले जातात आणि तिथून भांडायचा कंटाळा येतो. या मंडळींचा धंदा त्या कंटाळ्यावरच चालतो.

आई-बाबा आणि मावशीला घेऊन विंडसरला निघालो होतो. वाटेत एका रिटेल पार्कमध्ये थांबलो, कारण मावशी नाशिकहून पातळ स्वेटर घेऊन आली होती आणि गारठली होती. कोट घेतला, निघालो. विंडसरला पोचल्यावर कळलं की कोट खांद्यात घट्ट होतोय, म्हणून संध्याकाळी परतताना त्याच दुकानात बदलून घेतला. तिथे तीन तास पार्किंग फुकट आहे. आमच्या दोन्ही खेपा मिळून एक तासही झाला नसेल.

गाडी परत केली, मंडळी नाशिकला पोचली, आणि मग क्रेडिट कार्डावरून बेचाळीस पौंड कापल्याचा मेसेज आला. कापले होते गाडीवाल्या कंपनीने. विचारल्यावर उत्तर मिळालं की तुमच्या गाडीवर पार्किंगचा चार्ज आलाय, तो आम्ही तुमच्या नावावर वळवला, त्याची ही ॲडमिन फी. म्हणजे माझं नाव-पत्ता एका ईमेलने पुढे ढकलला, त्याची हमाली बेचाळीस पौंड. मूळ चार्ज अजून माझ्यापर्यंत आलाही नव्हता!

तो नंतर पोस्टाने आला. पत्राची काळी-पिवळी चौकट, वर मोठ्या अक्षरांत नोटीस, खाली नंबरप्लेटचे दोन फोटो. सकाळी आत शिरताना 10:50, संध्याकाळी बाहेर पडताना 17:12. शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर साठ. बघणाऱ्याला वाटावं पोलिसांनीच पाठवलंय. प्रत्यक्षात ते एका खाजगी कंपनीचं बिल असतं. तिचं म्हणणं एवढंच, की आमच्या पाटीवरच्या अटी मान्य करून तुम्ही गाडी लावलीत आणि अट मोडलीत. (काउन्सिलचा किंवा पोलिसांचा दंड वेगळा. त्याला पुढचं काही लागू करू नका.)

झालं काय होतं, तर कॅमेऱ्याने सकाळचं आत येणं टिपलं, संध्याकाळचं बाहेर जाणं टिपलं, आणि मधलं बाहेर जाणं-आत येणं गाळलं. पुढे गाडी चिकटून असली किंवा प्लेटवर ऊन चमकलं की असं होतं. दोन छोट्या खेपांची एक लांबलचक खेप तयार होते. हा प्रकार इथे इतका जुना आहे की कंपन्यांना तो माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

नवरा म्हणाला, साठ भर आणि मोकळी हो. ओळखीतल्या एका काकांचा सल्ला उलटा होता, पत्र फाडून टाक, काही होत नाही. दोन्ही चूक. काकांचा सल्ला दहा-पंधरा वर्षांपूर्वी चालून जायचा. आता या कंपन्या खरोखर कोर्टात जातात, त्याआधी वसुलीवाल्यांच्या पत्रांतून रक्कम वाढवत नेतात. आणि ‘असा दंड लावताच येत नाही’ हा युक्तिवादही 2015 मध्ये संपला. चेल्म्सफर्डच्या एका रिटेल पार्कमधला 85 पौंडांचा चार्ज सुप्रीम कोर्टाने योग्य ठरवला. तेव्हा भांडायचं तर नेमक्या मुद्द्यावर.

भाड्याच्या गाडीचा मुद्दा मात्र फार भक्कम आहे आणि तो कोणी सांगत नाही. 2012 च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टचं चौथं परिशिष्ट काढा, परिच्छेद 13 आणि 14. गाडी कोण चालवत होतं हे पार्किंगवाल्यांना माहीत नसेल, तर गाडी भाड्याने घेणाऱ्याकडून पैसे मागण्यासाठी त्यांना आधी काही गोष्टी कराव्या लागतात. गाडीवाल्या कंपनीकडून, गाडी तेव्हा तुम्हाला भाड्याने दिली होती असं तिचं सही केलेलं निवेदन, भाडेकराराची प्रत आणि तुम्ही सही केलेल्या जबाबदारीच्या निवेदनाची प्रत घ्यायची, आणि मग 21 दिवसांत तुम्हाला नोटीस पाठवताना या तिन्ही कागदपत्रांच्या प्रती आणि गाडीवाल्या कंपनीला गेलेल्या मूळ नोटिशीची प्रत सोबत जोडायची. मला आलेल्या पाकिटात एकच कागद होता. पाकीट उलटं करून झटकलं तरी दुसरा निघाला नाही.

म्हणून पार्किंग कंपनीकडे करायच्या अपिलात ‘मी गाडी लावली’ असं चुकूनही लिहू नका. ‘गाडीची भाडेकरू या नात्याने’ असं लिहा. ड्रायव्हर कोण होता हे खाजगी कंपनीला सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. एकदा सांगितलंत की वरचा मुद्दा गेला. काहींना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. नियम त्यांच्यासाठीही आहेत.

पुरावा मावशीकडे निघाला. तिने कोटाची दोन्ही बिलं, खरेदीचं आणि बदलीचं, पासपोर्टच्या कव्हरात जपून ठेवली होती. नाशिकहून व्हॉट्सॲपवर फोटो आला. बिलाच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा, पण वेळ स्वच्छ वाचता येत होती. शिवाय विंडसरचं पार्किंग ॲपवरून भरलं होतं. त्या पावतीवर हाच नंबर आणि दुपारची वेळ. एकच गाडी दोन गावांत उभी राहू शकत नाही, एवढंच सिद्ध करायचं होतं.

पार्किंगवाल्यांनी अपील फेटाळलं. उत्तर छापील, पावतीचा उल्लेखही नाही. पण त्या नकाराच्या पत्रात पॉपला या अपील सेवेचा कोड असतो, तो महत्त्वाचा. तिथे जायला 28 दिवस मिळतात आणि एक पैसा लागत नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. (पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, पॉपला त्यातल्या एकीची. कंपनी दुसरीची सभासद असेल तर तिच्या आयएएस नावाच्या अपील सेवेकडे जावं लागतं.) मी दोनच मुद्दे मांडले, जोडपत्रं नाहीत आणि खेपा दोन आहेत. थोड्या दिवसांनी कळलं की कंपनी हे अपील लढवणार नाही, चार्ज रद्द.

हे सगळं इंग्लंड-वेल्सपुरतं. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे, आणि विमानतळाच्या जागेला स्वतःचे उपनियम असू शकतात, तेव्हा हीथ्रोच्या नोटिशीला माझं अपील जसंच्या तसं चिकटवू नका.

बेचाळीस पौंड मात्र अडकलेत. चार्जच रद्द झाला तर फी कसली, असं विचारलं तर करारातलं बारीक अक्षरांतलं कलम दाखवतात. काही गाडीवाले तर चार्ज स्वतःच भरून टाकतात आणि तुमच्या कार्डावरून वसूल करतात, म्हणजे अपिलाचा रस्ताच बंद. गाडी घेतानाच विचारा, पार्किंगची नोटीस आली तर भरणार की माझ्याकडे पाठवणार, आणि फी किती. उत्तर ईमेलवर मागा.

मी कंझ्युमर राइट्स ॲक्ट 2015 मधल्या अन्यायकारक अटींचा आधार घेऊन लेखी तक्रार केली, आणि आता प्रकरण भाड्याच्या गाडीवाल्यांच्या संघटनेकडे, बीव्हीआरएलएच्या तडजोड सेवेकडे नेलंय. दरम्यान कंपनीने पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट देऊ केली आहे. मी ती नाकारली. बेचाळीस पौंडच परत हवेत.