हळदीच्या गोदामात हायड्रॉलिक पॅलेट ट्रक : एका हंगामाचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळील एका गोदामात माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या हमालांवर मी देखरेख करतो. फेब्रुवारीत हळदीची आवक वाढण्यापूर्वी आम्ही अडीच टन क्षमतेचा, हाताने ओढण्याचा हायड्रॉलिक पॅलेट ट्रक, म्हणजे माल रचलेल्या लाकडी फळीखाली (पॅलेटखाली) दोन लोखंडी काटे सरकवून ती उचलणारी हातगाडी, घेतला आणि मेअखेरपर्यंत तो रोज वापरला.

50 किलोची 20 पोती एका पॅलेटवर रचली की एक टन भार होतो, आणि तो एक माणूस सपाट फरशीवरून सहज ओढतो. मात्र काटे जमिनीपासून जेमतेम 20 सेंटिमीटर उचलले जात असल्याने गाडीतून पोते उतरविणे आणि थप्पी लावणे ही कामे हातानेच करावी लागतात. वाचते ती ओट्यापासून थप्पीपर्यंतची चाल. पण दिवसाला शेकडो पोती पाठीवरून वाहणाऱ्या माणसासाठी ती चाल म्हणजेच निम्मे कष्ट असतात, हे मी रोज पाहतो.

सोबत आलेली नायलॉनची चाके आमच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांवर आदळत, म्हणून ती बदलून पॉलियुरेथेनची (रबरासारख्या मऊ प्लास्टिकची) बसवली. हळदीची भुकटी बेअरिंगमध्ये साचते, तेव्हा आठवड्याला सफाई आणि ग्रीस हवेच. एप्रिलमध्ये पंपाचे सील गळू लागले आणि विक्रेत्याकडून नवे मिळेपर्यंत ऐन हंगामात बारा दिवस गेले. घेतानाच एक जादा सील मागून ठेवावे. या ट्रकला ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर माणूस नेहमी भाराच्या वरच्या बाजूलाच उभा राहील आणि दहापेक्षा जास्त पोती नेणार नाही, असा नियम मी पहिल्याच आठवड्यात घातला.

कष्ट कमी झाले, तर हमालीचा दरही कमी करावा, असे मालकांनी सुचविले होते. मी त्याला ठाम विरोध केला. 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंदणी झालेल्या कामगारांच्या मजुरीवरच लेव्ही (मालकाने माथाडी मंडळाकडे भरायची जादा रक्कम) आकारली जाते आणि त्यातूनच त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो. दर घटला की म्हातारपणची शिल्लकही घटते. पोत्यामागचा दर कायम राहिला, तेव्हाच जुन्या हमालांनी ट्रकच्या दांड्याला मनापासून हात लावला, आणि त्यानंतर गाड्याही लवकर मोकळ्या होऊ लागल्या.

पुढच्या हंगामासाठी दुसरा ट्रक मागविला आहे, तो पॉलियुरेथेनच्या चाकांसहच.